पुळणीवर जमण्याचा हक्क

14 फेब्रुवारी 2016 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर ‘मेक इन इंडिया’ सप्ताहातला ‘महाराष्ट्र रजनी’ हा कार्यक्रम चालू होता. लावणी रंगात आली असताना मंचाला आग लागली आणि बघता बघता सगळा मंच पेटला. मुख्यमंत्री, चित्रपट कलावंत आणि हजारो प्रेक्षक सुखरूप बाहेर पडले. त्या आगीवर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. मला त्याआधीच्या काही आठवड्यांबद्दल बोलायचं आहे. चौपाटीवर काय व्हावं आणि काय होऊ नये, याला न्यायालयाच्या आदेशांची चौकट आधीपासून होती. गणेश विसर्जन, रामलीला अशा मोजक्याच गोष्टींना तिथे वाट होती. राज्य सरकारने या कार्यक्रमासाठी परवानगी मागितली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ती नाकारली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे परवानगी मिळाली आणि ठरलेल्या तारखेला मंच उभा राहिला.

यात बेकायदा काही नव्हतं. पण एका संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी काही दिवसांत दिल्लीपर्यंत जाऊन दाद मागण्याची ताकद या राज्यात किती जणांकडे आहे? गिरगावातल्या एखाद्या चाळीच्या मंडळाला कोजागरी चौपाटीवर करावीशी वाटली, दापोली तालुक्यातल्या एखाद्या शाळेला स्नेहसंमेलन वाळूवर घ्यावंसं वाटलं, तर त्यांची धाव कुठपर्यंत जाते? माझं म्हणणं सरळ आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसांनी तिथे छोट्या प्रमाणावर एकत्र जमणं हा नियम असायला हवा आणि तिकीट लावून, जागा अडवून केलेला मोठा कार्यक्रम हा अपवाद. आज व्यवहारात याच्या उलट घडतं, आणि त्याचं कारण कुणा एका अधिकाऱ्याच्या वाईटपणात नाही. ते नियमांच्या रचनेत आहे.

किनारा कुणाचा, इथूनच सुरुवात करू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 प्रमाणे भरतीरेषेखालचा समुद्राचा आणि खाडीचा तळ शासनाच्या मालकीचा आहे. ही मालकी दुकानदाराच्या गाळ्यावरच्या मालकीसारखी नाही. 1996 साली हिमाचल प्रदेशातल्या बियास नदीकाठच्या एका मोटेलच्या प्रकरणात, एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक विश्वस्ताचं तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचं स्पष्ट सांगितलं. निसर्गतःच सर्वांच्या वापरासाठी असलेल्या गोष्टींचं सरकार हे विश्वस्त आहे, आणि न्यायालयाने त्या गोष्टींमध्ये समुद्रकिनाऱ्याचाही उल्लेख केला. विश्वस्ताने मालमत्ता राखायची असते. तिचा लाभ ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच दाराबाहेर उभं करायचं नसतं.

आणि हा लाभ म्हणजे फक्त सूर्यास्त बघणं नव्हे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आयुष्यातल्या किती तरी मोठ्या घटना वाळूवर घडल्या आहेत. 1 ऑगस्ट 1920 रोजी लोकमान्यांना अखेरचा निरोप गिरगाव चौपाटीवर दिला गेला. 20 नोव्हेंबर 1955 रोजी त्याच चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा संयुक्त महाराष्ट्रासाठी पेटून उठलेल्या लोकांनी उधळून लावली. दादरच्या किनाऱ्यावर 7 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले आणि तेव्हापासून दर 6 डिसेंबरला देशभरातून लाखो माणसं चैत्यभूमीवर येतात. शिरोड्याला 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला तोही समुद्राच्या साक्षीने. यातल्या बहुतेक जागा आधीपासून ‘कार्यक्रम स्थळ’ म्हणून नोंदवलेल्या नव्हत्या. माणसं जमली म्हणून त्या जागांना अर्थ आला.

गावाकडच्या किनाऱ्यांचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही, पण तोही असाच आहे. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यातून वाजतगाजत निघालेली मिरवणूक दर्यापाशीच संपते. अलिबागच्या बाजूला ओहोटीने घट्ट झालेल्या पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, बैलगाड्यांच्या शर्यती लागत आल्या आहेत. गौरी-गणपती तिथेच पोचवले जातात. धुळवडीनंतरची आंघोळ तिथेच होते.

आता समजा, एखाद्या किनारी गावातल्या तरुणांना मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी आले असताना पुळणीवर एक संध्याकाळ करायची आहे. मुलांच्या कबड्डीचे दोन-चार सामने, मग भजन, शेवटी गावातल्या आज्यांची गाणी. दीड-दोनशे माणसं, सतरंज्या, एक ध्वनिक्षेपक, चार बांबूंचा छोटा मांडव. परवानगी कुणाची घ्यायची?

भरतीरेषेच्या खालची वाळू शासनाची, म्हणजे महसूल खात्याकडे जा. बंदराची हद्द असेल तर मेरीटाइम बोर्डाकडे. भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू कधी सरकारी सर्व्हे नंबरात असते, कधी कुणाच्या खासगी सातबाऱ्यावर, तर सुरूचं बन असेल तर वनखात्याशी किंवा सामाजिक वनीकरणाशी संबंध येतो. मांडव भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा प्रश्न आला. ध्वनिक्षेपकाला पोलीस ठाणं. गर्दी जमणार म्हणून बंदोबस्ताचा प्रश्न, तोही पोलीस ठाण्याकडे. साफसफाई ग्रामपंचायतीच्या गळ्यात, पण पुळण ग्रामपंचायतीच्या ताब्यात नाही, म्हणून तिच्या दाखल्याला वजन किती हे कुणी सांगत नाही. मांडवाचे दोन बांबू एका कार्यालयाच्या हद्दीत आणि दोन दुसऱ्याच्या, अशी अवस्था खरोखर येऊ शकते, कारण भरतीरेषा ही नकाशावरची रेषा आहे आणि वाळू दर पावसाळ्यात सरकते.

या सगळ्या खात्यांना आपापलं काम आहे आणि त्यांतलं कुठलंही अनावश्यक नाही. अडचण अशी की ‘हो’ म्हणण्याचं काम त्यांपैकी कुणाचंच नाही. प्रत्येकजण दुसऱ्याचं ना हरकत पत्र मागतो. लेखी नकारही मिळत नाही, कारण नकार दिला तर कारण द्यावं लागतं. मे महिना निघून जातो. पुढे पाऊस लागतो आणि अर्ज फायलीत राहतो.

मग माणसं काय करतात? दोनांपैकी एक. कुणाला न विचारता कार्यक्रम उरकतात आणि हवालदाराच्या भलेपणावर विसंबतात, किंवा ओळखीच्या पुढाऱ्याला गाठतात. पुढाऱ्याने फोन केला की काम होतं, पण त्याचं नाव आणि फोटो फलकावर येतो, आणि ज्या वस्तीचं त्याच्याशी जमत नाही तिला पुळण मिळत नाही. मला सगळ्यात जास्त हेच खटकतं. हक्काची गोष्ट मेहेरबानीची होते. गावात दोन गट असतील, वस्त्या असतील, जाती असतील, तर पुळण कुणाला मिळाली आणि कुणाला नाही हे बघितलं की गावातली सत्ता कुणाकडे आहे ते कळतं.

कायद्याने याचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वी दिलेलं आहे. हिमतलाल शहा विरुद्ध अहमदाबादचे पोलीस आयुक्त या प्रकरणात 1972 साली सर्वोच्च न्यायालयापुढे सार्वजनिक रस्त्यावर सभा घेण्याचा प्रश्न होता. न्यायालय म्हणालं की वेळ, जागा, वाहतूक यांबाबत सरकार वाजवी नियम करू शकतं. पण परवानगी द्यायची की नाही हे कसलेही निकष न सांगता अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम टिकणार नाही, आणि तसा नियम न्यायालयाने रद्द केला. तो नियम मुंबई पोलीस अधिनियम, 1951 खाली केलेला होता. हाच कायदा आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने आपल्याकडे लागू आहे. रस्त्याबाबत जे खरं, ते वाळूबाबत का नसावं? उलट रस्त्यावर जमल्याने वाहतूक अडते. ओहोटीच्या वेळच्या पुळणीवर कुणाचीच वाट अडत नाही.

आणि मनात आणलं तर सरकारला प्रक्रिया लिहिता येते, याचा पुरावा याच पुळणीवर आहे. बैलगाडा शर्यतींवर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, सविस्तर नियम केले, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज कसा करायचा आणि आयोजकाची जबाबदारी काय हे ठरवलं. 18 मे 2023 रोजी घटनापीठाने या दुरुस्तीला मान्यता दिली. शर्यतींबद्दल मतभेद असू शकतात, माझेही आहेत. पण आयोजकाला आज कुणाच्या दारात जायचं हे ठाऊक आहे. तेवढी ठाम वाट कबड्डीला आणि भजनाला का नको?

मोठ्या कार्यक्रमांचं गणित वेगळं असतं. त्यांच्याकडे परवानग्या जमवण्यासाठीच पगारी माणसं असतात, वकील असतात, अनामत रक्कम भरण्याची ऐपत असते. दहा कार्यालयांची अट त्यांना अडवत नाही, उलट त्यांच्याशिवाय इतर सगळ्यांना अडवते. गोव्याने हे जवळून बघितलं आहे. 2007 मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झालेला सनबर्न हा संगीत महोत्सव पुढे वागातोरला गेला, मध्ये पुण्याला येऊन परत गोव्यात गेला, आणि 2024 मध्ये पेडणे तालुक्यात धारगळला झाला, तेव्हा तिथेही गावकऱ्यांचा मोठा विरोध झाला. संगीताला कुणाचाच आक्षेप नाही. आक्षेप असतो तो आवाजाला, कोंडलेल्या रस्त्यांना, आणि आपल्याच गावात आपल्याला तिकीट काढून शिरावं लागण्याला. किनाऱ्यावरच्या श्रीमंत लग्नांचंही तसंच. एका संध्याकाळपुरती का होईना, दोरी लावून पुळणीचा तुकडा खासगी होतो आणि रोज तिथून चालत जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला वळसा घालायला सांगितलं जातं. जास्त शुल्क भरलं म्हणून जास्त हक्क मिळतो, ही समजूतच मोडायला हवी. शुल्क हे झीज भरून काढण्यासाठी आहे. त्याने वाळू विकत मिळत नाही.

याला विरोध करणाऱ्यांचे मुद्दे मी हलके मानत नाही. सगळ्यात वजनदार मुद्दा निसर्गाचा आहे. किनारा नाजूक आहे. नोव्हेंबरपासून पुढे काही महिने ऑलिव्ह रिडले कासवं कोकण-गोव्याच्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. वाळूतून बाहेर आलेली पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, आणि जमिनीच्या बाजूला झगमगाट असेल तर समुद्र सोडून तिकडे वळतात. गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांना म्हणूनच खास संरक्षण आहे, आणि ते हवंच. पण याच मुद्द्यावर मला मंडणगड तालुक्यातलं वेळास आठवतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 च्या सुमारास तिथे कासव संरक्षणाचं काम सुरू केलं, गावकऱ्यांनी ते आपलं मानलं आणि पुढे तिथे कासव महोत्सव होऊ लागला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, गावचं जेवण जेवतात, आणि पिल्लं समुद्रात सोडताना दोरीच्या अलीकडे शांत उभे राहतात. हा किनाऱ्यावरचा कार्यक्रमच आहे, शेकडो माणसांचा. तो निसर्गाला तारतो, कारण तो तिथल्या माणसांच्या हातात आहे. अंडी कुठे आहेत, उधाण कधी आहे, भरती कुठवर येईल, हे त्यांना माहीत असतं.

वर्सोव्याचंही उदाहरण घ्या. ऑक्टोबर 2015 मध्ये अफरोज शाह यांनी तिथे कचरा उचलायला सुरुवात केली, रहिवासी जोडले गेले आणि आठवड्यामागून आठवडे हजारो हात राबले. मार्च 2018 मध्ये त्या किनाऱ्यावर पुन्हा कासवाची पिल्लं दिसली. ज्यांनी पुळण साफ केली त्यांना त्या पुळणीवर एक संध्याकाळ बसायचा हक्क नाही, असं कोण म्हणू शकेल? जिथे माणसं जमतात, ती जागा माणसं राखतात. बंदीने किनारा स्वच्छ राहत असता तर आपले किनारे आधीच चकचकीत असते.

आवाजाचा प्रश्न सुटलेला आहे, फक्त पाळला जात नाही. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकार ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. किनाऱ्यासाठी वेगळं काही लिहायची गरज नाही. तोच नियम सरकारी सोहळ्यालाही तितक्याच कडकपणे लावला म्हणजे झालं.

एक मुद्दा मात्र माझ्या बाजूचे लोकही विसरतात. पुळण आधी मच्छीमारांची आहे. हर्णैला संध्याकाळी वाळूवरच मासळीचा लिलाव होतो. उत्तन, वर्सोव्याकडे बांबूच्या उंच मांडवांवर बोंबील वाळत असतात. सिंधुदुर्गात आणि गोव्यात रापणीची जाळी ओढायला लांबच लांब मोकळी पुळण लागते, आणि ओढायला आलेल्या प्रत्येकाला त्यात वाटा मिळतो. 1970 च्या दशकात गोव्यातले रापणकार मातान्ही साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली ट्रॉलरविरुद्ध उभे राहिले, तेव्हा ते पाण्यासाठी लढले. आता त्यांच्या मुलांना वाळूसाठी लढावं लागतंय. शॅक, खुर्च्या, पार्किंग, जलक्रीडेच्या बोटी यांनी रापण ओढायची जागा आक्रसत चालली आहे. म्हणून गावच्या कबड्डीलाही पहिली अट हीच हवी की त्या दिवशी, त्या पट्ट्यात होड्या, जाळी आणि सुकत घातलेली मासळी यांना अडथळा नको. ही अट मच्छीमार सहकारी संस्थेने सांगायची आणि बाकीच्यांनी ऐकायची.

रहिवासी म्हणजे कोण, हेही स्पष्ट बोललं पाहिजे, कारण ‘स्थानिक’ या नावाखाली वाईट गोष्टीही होतात. जुहूच्या किनाऱ्यावर छठपूजेला हजारो बायका मावळत्या सूर्याला अर्घ्य देतात. त्यावरून मुंबईत राजकारण झालं आहे. माझ्या लेखी त्या बायका मुंबईच्या रहिवासी आहेत. त्या इथे राहतात, इथे राबतात. त्यांचा पुळणीवरचा हक्क वरळीच्या कोळणीच्या नारळी पौर्णिमेच्या हक्काहून वेगळा नाही. भाषा, धर्म, पक्ष बघून वाळू वाटायची असेल तर आज चालू आहे ते तरी काय वाईट? आणि बाहेरच्या पाहुण्याला किनारा बंद करा, असंही मी म्हणत नाही. येणं, चालणं, बसणं सर्वांसाठी खुलं राहायला हवं. मांडव घालून काही तासांसाठी जागा वापरायची असेल, तेव्हा मात्र तिथे बारा महिने राहणाऱ्यांचा अर्ज आधी बघितला जावा, एवढंच.

मग करायचं काय? ठरावीक संख्येखालच्या, समजा 200 माणसांच्या, विनातिकीट आणि विनाजाहिरात जमण्याला परवानगी लागूच नये, फक्त पूर्वसूचना पुरेशी असावी. आयोजकाचं नाव, तारीख, वेळ, कचरा कोण उचलणार, एवढा एक पानी अर्ज. सात दिवसांत लेखी हरकत आली नाही तर कार्यक्रम करता यावा. त्याहून मोठ्या पण बिगर-व्यापारी कार्यक्रमांसाठी तहसील कार्यालयात एकच खिडकी, आणि बाकीच्या खात्यांची मतं मागवण्याचं काम त्या खिडकीचं, अर्जदाराचं नव्हे. यासाठी नवा कायदाही नको. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 आपल्याकडे आहे. त्याखाली सेवा अधिसूचित केली की तिला मुदत येते, जबाबदार अधिकारी ठरतो, नकाराचं कारण लेखी द्यावं लागतं, तीन अपिलं करता येतात, आणि सबळ कारणाशिवाय विलंब केल्यास अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. उत्पन्नाचा दाखला या कायद्याखाली मिळतो. पुळणीवरची संध्याकाळही मिळू शकते.

मोठ्या, तिकीट लावलेल्या कार्यक्रमांसाठी दिवसांची कमाल मर्यादा हवी. शिवाजी पार्कवर खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांसाठी वर्षातले 45 दिवस ठरवून दिले आहेत. त्या आकड्यावर वाद असेल, पण आकडा आहे हेच महत्त्वाचं, कारण मग प्रत्येक जादा दिवसाचा जाब विचारता येतो. तसंच दरेक किनाऱ्याचं एक वार्षिक वेळापत्रक असावं आणि ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावं. कासवांच्या विणीचा पट्टा आणि काळ, मासेमारीचा हंगाम, उधाणाच्या तिथी, परंपरेने ठरलेले सण, हे सगळं आधी भरायचं. उरलेल्या दिवसांत बाकीच्यांचे अर्ज. पाण्यापर्यंत जाणारी वाट कुणालाही, कितीही पैसे भरले तरी, अडवता येऊ नये. मांडव कुठे घालायचा याचंही अंतर सांगता येईल. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेत शॅकसारख्या तात्पुरत्या सोयींसाठी भरतीरेषेपासून किमान 10 मीटरचं अंतर सांगितलंच आहे. मोठ्या कार्यक्रमांच्या शुल्कातला ठरलेला वाटा त्याच गावाच्या सफाईसाठी आणि जीवरक्षकांसाठी खर्च व्हावा. आज बुडणाऱ्या पर्यटकाला वाचवायला कित्येक किनाऱ्यांवर गावातलीच पोरं उड्या टाकतात.

हे सगळं मंत्रालयातून येईपर्यंत थांबायची गरज नाही. किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावाला येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घेता येईल: आपल्या पुळणीवर परंपरेने काय काय होतं याची यादी, मच्छीमारांना लागणारा पट्टा, कासवांचा पट्टा, आणि पाण्याकडे जाणाऱ्या सगळ्या पायवाटा सर्व्हे नंबरांसह. ठरावाची प्रत तहसीलदारांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना पाठवून पोच घ्यायची. पुढे कुणी पुळण अडवायला आलं, किंवा गावचा अर्ज विनाकारण अडला, तर वाद घालायला तोंडी आठवणींऐवजी हातात कागद असेल. यादी करताना म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा, आणि कोळीवाड्यातल्या व दलितवस्तीतल्या बायकांना नक्की विचारा, कारण त्यांच्या वाटा सरकारी नकाशांवर सहसा सापडत नाहीत.